एक मोठा सर्व्हर नको, तीन वेगळ्या वाटा हव्यात!



पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा, पण शेवटपर्यंत वाचा. येत्या ग्रामसभेत हा विषय निघणार आहे आणि तेव्हा "आम्हाला कुणी सांगितलंच नाही" असं कुणी म्हणायला नको.

आपल्या भागातले वनहक्क दावे, ग्रामसभेचे ठराव, पंचनामे, नकाशे हे सगळं स्कॅन करून कॉम्प्युटरवर नीट ठेवायचं, असं आता बोललं जातंय. चांगलंच आहे. मी स्वतः दोन वर्षं याच्यासाठी ओरडतोय. पण परवा एका बैठकीत जे ऐकलं त्यानं डोकं फिरलं. "गावाचा एक मोठा सर्व्हर घेऊ. मागच्या खोलीत एसी बसवू. काचेचं कपाट करू. उद्घाटनाला साहेबांना बोलवू." टाळ्या पडल्या. मी हात वर केला. म्हटलं, लाईट गेल्यावर तो एसी कशावर चालणार? फायबर तुटली तर पाड्यावरच्या माणसाला कागद कसा दिसणार? उत्तर आलं, "तुम्ही प्रत्येक गोष्टीत खोडा घालता."

घालतो. आज पुन्हा घालतो, आणि यावेळी हिशोबासकट घालतो.

माझं म्हणणं एवढंच आहे. एका खोलीत एक लाखाचं मशीन ठेवण्यापेक्षा तीन ठिकाणी, तीन वेगळ्या नेटवर, तीन जुनी साधी मशीनं ठेवा आणि ती एकमेकांना जोडा. कागद तिन्हीकडे राहील. एक बंद पडलं तरी दोन चालू. हे स्वप्नरंजन नाही. यासाठी लागणारं सॉफ्टवेअर फुकट मिळतं आणि आपलीच पोरं ते बसवू शकतात.

आधी, हे कशासाठी, ते बघा.

वनहक्क कायदा २००६ चा. १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून जमीन कसत असल्याचा पुरावा द्यायचा. दावा ग्रामसभेच्या वनहक्क समितीकडे, तिथून उपविभागीय समितीकडे, मग जिल्हा समितीकडे. प्रत्येक पायरीवर कागद. अर्ज, पोच, स्थळपाहणीचा पंचनामा, म्हाताऱ्या माणसांचे जबाब, जीपीएसचा नकाशा, ठराव. दावा फेटाळला तर अपिलाला ६० दिवस. ६० दिवसांत तुमच्या हातात कागद नसेल तर तुम्ही कितीही पिढ्या ती जमीन कसलेली असो, सांगणार कशाच्या जोरावर?

१३ फेब्रुवारी २०१९ आठवतो का? दावा फेटाळलेल्यांना जमिनीवरून काढा, असा सुप्रीम कोर्टाचा आदेश आला होता. २८ फेब्रुवारीला त्याला स्थगिती मिळाली. त्या पंधरा दिवसांत घराघरांत पत्र्याच्या पेट्या उघडल्या गेल्या. कुणाकडे पोच होती, कुणाकडे पोचेची झेरॉक्स, कुणाकडे झेरॉक्सची झेरॉक्स, आणि कुणाकडे वाळवीनं खाल्लेला कोपरा.

माझ्या काकांची पोच छपराच्या गळतीत भिजून लगदा झाली. कार्यालयात गेलो तर "त्या वर्षाची नोंदवही सापडत नाही." शेवटी ती पोच मिळाली कुठे? काकांच्या जावयाच्या मोबाईलमध्ये. त्यानं कधीतरी फोटो काढून ठेवला होता. फोटोवर जावक क्रमांक आणि तारीख वाचता येत होती. तो क्रमांक दाखवल्यावर मग नोंदवही पण सापडली! स्कॅन म्हणजे कायद्याच्या दृष्टीनं मूळ कागद नव्हे, मान्य. पण शोधायचं कुठे, हे सांगायला तो पुरतो. आणि काकांची जमीन वाचली ती मोठ्या यंत्रामुळे नाही. एक प्रत दुसऱ्या घरात, दुसऱ्या माणसाकडे होती म्हणून वाचली. माझं सगळं म्हणणं या एका गोष्टीतून आलंय.

आता पहिला आक्षेप. "एवढा उपद्व्याप कशाला? गुगल ड्राइव्हवर टाका."

टाका ना, मी नको म्हणत नाही. एक जास्तीची प्रत म्हणून जरूर टाका, पण कुलूप लावून. मात्र फक्त तिथेच ठेवायला माझा विरोध आहे. एक, ते खातं कुणाच्या नावावर? ज्या पोराच्या मोबाईल नंबरवर उघडलं तो उद्या नोकरीला सुरतला गेला, नंबर बदलला, की खातं गेलं. दोन, फुकट जागा १५ जीबी. शेकडो दाव्यांचे रंगीत स्कॅन आणि जबाबांचे व्हिडिओ टाकायला लागा, किती दिवस पुरते बघा. तीन, बाहेरचं नेट नसेल तर आपल्याच गावाचा ठराव आपल्याच गावात दिसत नाही. मशीन गावात असेल तर बाहेरचं नेट गेलं तरी त्याच खोलीतल्या वायफायवर कागद उघडतो.

दुसरा आक्षेप. "सरकार फायबर देतंय, थोडं थांबा."

थांबलो की! देशातल्या अडीच लाख ग्रामपंचायतींना फायबरनं जोडायची योजना मंजूर झाली ऑक्टोबर २०११ मध्ये. तेव्हा आपला पालघर जिल्हासुद्धा नव्हता, तो झाला १ ऑगस्ट २०१४ ला. योजनेचं नाव बदलून भारतनेट झालं. आणि ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्रानं १ लाख ३९ हजार ५७९ कोटींचा सुधारित कार्यक्रम मंजूर केला. त्यातली मोठी सुधारणा कोणती? आधी फायबर तालुक्यापासून पंचायतीकडे सरळ एका रेषेत जायची. मध्ये एक घाव बसला की पुढचं सगळं मेलं. आता ती गोल कड्यासारखी न्यायची, म्हणजे एका बाजूनं तुटली तर दुसऱ्या बाजूनं नेट यावं.

म्हणजे बघा. एकच वाट ठेवली की काय होतं, हे दिल्लीला बारा वर्षांनी कळलं. आणि आपण २०२३ नंतर पुन्हा एका खोलीत, एका वायरवर, एका एसीखाली सगळं ठेवायला निघालोय. दिल्लीची चूक आपण स्वतःच्या पैशानं करणार!

आणि तुटणार नाही असं कोण म्हणतंय? आपल्या दोन तालुक्यांत बुलेट ट्रेन, वडोदऱ्याचा एक्सप्रेस वे, मालगाड्यांचा कॉरिडॉर, हायवेचं काँक्रीट. जेसीबी बारमाही फिरतोय. फायबर कुठून गेलीय हे जेसीबीवाल्याला ती तुटल्यावरच कळतं. पावसाळ्यात लाईटचं काय होतं ते मी सांगायला नको. आणि नोव्हेंबर २०१८ पासून धुंदलवाडीच्या आजूबाजूला जमीन हादरायला लागली, लोक रात्री घराबाहेर झोपले, हे विसरलात? सगळे कागद एकाच भिंतीच्या आड ठेवायचा सल्ला या भागात कुणी देऊच कसा शकतो?

आता माझी स्वतःची चूक सांगतो, म्हणजे "हा फक्त दुसऱ्यांना शहाणपण शिकवतो" असं नको व्हायला.

आम्ही तिघा मित्रांनी सुरुवात केली तेव्हा दोन मशीनं लावली. एक माझ्या घरी, एक मित्राच्या दुकानात. दोघांचं नेट वेगळ्या लोकांकडून घेतलेलं. आम्ही खूश, दोन वाटा झाल्या. पहिल्याच पावसात दोन्ही एकाच मिनिटाला बंद! चौकशी केली तर कळलं, दोन्ही नेटवाल्यांची फायबर पुढे जाऊन एकाच खांबावरून, एकाच नळीतून जाते. पावत्या दोन, वाट एक.

मग म्हटलं, सिम घेऊ. दोन कंपन्यांची दोन सिमं घेतली. टॉवरची लाईट गेली, बॅटरी संपली, दोन्ही सिमं मेली. कारण दोन्ही कंपन्यांचे अँटेना एकाच टॉवरवर.

म्हणून सांगतो, कंपनीचं नाव बघून वाटा मोजायच्या नाहीत. तुटायची जागा कुठे आहे ते बघून मोजायच्या. एक घाव बसला तर किती बंद पडतील? उत्तर "एकच" आलं पाहिजे.

आणि इथे आपल्या अच्छाडला एक गंमत आहे. आपण हद्दीवर. घरात मोबाईल महाराष्ट्रात असतो, ओट्यावर आलं की गुजरातचा टॉवर पकडतो. आजपर्यंत आपण या गोष्टीला शिव्याच दिल्या. पण भिलाडकडचा टॉवर आणि तलासरीकडचा टॉवर ही दोन वेगळी सर्कल आहेत. हद्दीची कटकट पहिल्यांदाच आपल्या कामाला येऊ शकते. तरीही दोन्ही टॉवरच्या फायबर मागे एकाच हायवेच्या कडेनं जात नाहीत ना, एवढं विचारून घ्या.

आमची आजची मांडणी अशी आहे. पहिलं मशीन अच्छाडला, फायबरवर. दुसरं आतल्या एका पाड्यावर, सिमवर, छतावर लहान सोलर. तिसरं वापीला कामाला असलेल्या मित्राच्या खोलीत, तिथल्या नेटवर. वेगळी लाईट, वेगळी वायर, वेगळी जमीन. तिन्ही जुने लॅपटॉप. लोक हसतात. पण जुना लॅपटॉप म्हणजे पोटात इन्व्हर्टर असलेला सर्व्हर आहे, फक्त बॅटरी नीट धरणारा बघून घ्या. तास-दीड तास लाईट गेली तरी त्याला पत्ता लागत नाही. एसी लागत नाही. बिघडला तर बाजारात दुसरा मिळतो. काचेच्या कपाटातला सर्व्हर बिघडला तर मुंबईहून माणूस बोलवा आणि त्याच्या गाडीभाड्याचा ठराव करा.

"पण वेगवेगळ्या नेटवरची मशीनं एकमेकांना सापडणार कशी?" हा प्रश्न मात्र बरोबर आहे. खरी मेख इथेच आहे.

घरचं नेट असो की सिम, बहुतेक वेळा कंपनी आपल्याला स्वतःचा पक्का पत्ता देत नाही. शेकडो गिऱ्हाइकं एकाच पत्त्याआड बसवते. त्यामुळे आपलं मशीन बाहेर हाक मारू शकतं, पण बाहेरून त्याला कुणी हाक मारू शकत नाही. चाळीच्या मुख्य दाराला एकच पाटी असावी आणि आतल्या खोल्यांना नंबरच नसावेत, तसं.

उपाय असा. मुंबईत महिन्याच्या भाड्यानं एक अगदी लहान मशीन घ्यायचं, ज्याला पक्का पत्ता असतो. तिन्ही लॅपटॉपनी आतून त्याला हाक मारायची आणि त्याच्यामार्फत एकमेकांशी बोलायचं. यासाठी वायरगार्ड नावाचं सॉफ्टवेअर आहे. फुकट आहे, आणि मार्च २०२० पासून लिनक्सच्या गाभ्यातच मिळतं. त्यात एक ओळ लिहायची, दर २५ सेकंदांनी एक लहानशी हाक दे. त्यामुळे कंपनीकडचं दार बंद होत नाही. आणि फाईली साठवायच्या त्या फक्त आपल्या लॅपटॉपवर. भाड्याच्या मशीनवर एकही फाईल ठेवायची नाही, ते नुसतं ये-जा करायचं नाकं. तेच बंद पडलं तर? तिन्हीकडच्या प्रती जागच्या जागी असतात, फक्त नवा बदल थोडा उशिरा पोचतो.

फाईली तिन्हीकडे सारख्या ठेवायला सिंकथिंग वापरतो, तेही फुकट. पण सावधान! एकसारखं ठेवणं म्हणजे जपून ठेवणं नव्हे. इथे चुकून पुसलं की तिन्हीकडे पुसलं जातं. म्हणून जुन्या आवृत्त्या राखून ठेवायची सोय आधी चालू करायची, आणि महिन्याला एक प्रत वेगळ्या डिस्कवर काढून, वायर काढून, पेटीत ठेवायची.

आता थोडं आपल्या अतिहुशार पोरांनाही ऐकवतो. इंजिनिअरिंग करून आलेला एक भाचा म्हणाला, "मामा, कुबरनेटीस लावू. तीन नोडचा खरा क्लस्टर. एक पडला की दुसरा आपोआप उचलतो." कल्पना छान आहे, पण एकाच इमारतीतल्या मशीनांसाठी. त्यात यंत्रं आपसात मतदान करून पुढारी निवडतात. त्यासाठी जी वही ठेवली जाते तिचा ठरलेला वेग असा, की पुढारी दर १०० मिलिसेकंदाला "मी आहे" म्हणतो आणि साधारण एक सेकंद आवाज आला नाही की नवी निवडणूक. आमच्या पाड्यावरच्या सिमला पावसात एकेक सेकंद लागतोच. म्हणजे रात्रभर निवडणुकाच. कारभार शून्य!

मग दाव्यांच्या नोंदवहीचा अनुक्रमांक कोण देणार? दोन ठिकाणी एकाच वेळी नोंद झाली आणि ४७ नंबर दोघांना गेला तर भांडण लागेल. आम्ही साधा नियम केलाय. नोंद एकाच मशीनवर करायची, बाकी दोन वाचण्यापुरती. लिहिण्याचं मशीन बंद पडलं तर कुणी एकट्यानं ठरवायचं नाही. तीन सांभाळणारे आहेत. तिघांतले दोघे फोनवर "हो" म्हणाले की जागा बदलायची आणि वहीत सही करायची. दोघेच सांभाळणारे असते तर एक हो म्हणणार, एक नाही म्हणणार, आणि गाडी अडणार. म्हणून तीन. यंत्रांच्या मतदानापेक्षा माणसांचं मतदान आपल्याला जास्त झेपतं. ग्रामसभा म्हणजे तरी दुसरं काय?

तिसरा आक्षेप, आणि हा मी मानतो. "तीन ठिकाणी म्हणजे चोरीची भीती तिप्पट." खरं आहे. म्हणून डिस्कला पासवर्डचं कुलूप लागलंच पाहिजे, लॅपटॉप चोरीला गेला तरी आतलं वाचता येऊ नये. पासवर्ड तीन बंद पाकिटांत, तीन घरी. आणि आधार कार्डाचे फोटो या साठ्यात नकोतच. लोकांच्या खासगी माहितीबद्दल २०२३ चा कायदा आहे. कायदा नसता तरी, शेजाऱ्याचा आधार नंबर आपल्या लॅपटॉपवर कशाला?

आता काचेच्या कपाटवाल्यांना एक आठवण करून देतो. मेळघाटातलं हरिसाल. २०१६ ला देशातलं पहिलं डिजिटल गाव म्हणून गाजलं, मायक्रोसॉफ्ट सोबतीला. २०१९ च्या प्रचारात राज ठाकरेंनी "लाव रे तो व्हिडिओ" म्हणत त्याच गावाचं चित्र स्टेजवर दाखवलं आणि महाराष्ट्रभर चर्चा झाली. राजकारण बाजूला ठेवा. शिकायचं एवढंच, की यंत्रं आणणं सोपं असतं. फोटोतले पाहुणे गेल्यावर उरलेला माणूस कोण आणि त्याला महिन्याला काय मिळतं, हा प्रश्न उद्घाटनाआधी विचारायचा असतो.

उलट आपल्याच जिल्ह्यात बघा. आयआयटी मुंबईच्या प्रा. अभय करंदीकर यांच्या चमूनं ग्राममार्ग प्रकल्पात खामलोलीच्या आसपासच्या सात गावांत टीव्हीच्या न वापरलेल्या लहरींवर नेट पोचवून दाखवलं, पुढे २५ गावांपर्यंत गेले, आणि २०१७ मध्ये मोझिलाच्या जागतिक स्पर्धेत पहिले आले. म्हणजे पालघरच्या गावात असलं काही होत नाही, हे म्हणायची सोय आता कुणाला नाही.

पैसा कुठून? वाढवणला ७६ हजार कोटींचं बंदर होतंय, आपल्याला तीन जुने लॅपटॉप हवेत. पेसा ग्रामपंचायतींना आदिवासी उपयोजनेतला ५ टक्के अबंध निधी थेट मिळतो, आणि तो ज्या कामांवर खर्च करता येतो त्यात वनहक्क आणि पेसा कायद्याची अंमलबजावणी हे काम आहेच. कोणतीही विशेष मंजुरी मागायला मुंबईला जायला नको. ग्रामसभेचा ठराव पाहिजे.

म्हणून माझ्या मागण्या, मुद्देसूद:

१. एसी खोली आणि मोठ्या सर्व्हरचा प्रस्ताव रद्द करा. त्याच पैशात तीन जागा, तीन लॅपटॉप, लहान सोलर आणि एक स्कॅनर घ्या.

२. तिन्ही जागांची वीज आणि नेटची वाट कुठून येते, कुठे एकत्र मिळते, याचा साधा नकाशा काढून ग्रामसभेसमोर ठेवा.

३. सांभाळणारे तिघे नेमा, त्यात किमान एक बाई हवी, आणि तिघांना मानधन द्या. फुकटची समाजसेवा पहिल्या पावसापर्यंत टिकते.

४. महिन्यातून एक दिवस मुद्दाम एक मशीन बंद करा आणि कुठलीही एक फाईल दुसरीकडून उघडून दाखवा. नाही उघडली तर तो साठा नाही, ते नुसतं कपाट आहे.

५. ज्याचा दावा त्याला त्याच्या फाईलची प्रत, मागेल तेव्हा, चहापाणी न देता.

या पाचव्या मागणीवर सगळ्यात जास्त विरोध होईल, लिहून ठेवा. कारण एका कपाटाला एक किल्ली असते आणि किल्लीवाल्याला मान असतो. कागद तीन ठिकाणी गेला की तो मान संपतो. "खोडा घालता" असं जे मला म्हणतात, त्यांनी खरं कारण एकदा मोकळेपणी सांगावं.

इथून जवळच झरी आहे. २३ मे १९४५ ला तिथे वारली माणसं वेठबिगारीविरुद्ध एकत्र आली. सावकाराच्या वहीत काय लिहिलंय हे त्यांना वाचता येत नव्हतं आणि ती वही त्यांच्या हातात कधी आली नाही. आज आपल्याला वाचता येतं, लिहिता येतं, लॅपटॉप जोडता येतो. तरी वही दुसऱ्याच्याच कपाटात ठेवायची असेल, तर मग शिकलो कशाला?

ग्रामसभेला या. दोन्ही आजे, काका-काकू, सगळ्यांना घेऊन या. माझं चुकत असेल तर कमेंटमध्ये सांगा, हिशोब मांडून सांगा, मी दुरुस्त करीन. पटत असेल तर आपल्या पाड्याच्या ग्रुपवर टाका. आणि ज्यांच्याकडे बॅटरी ठीक असलेला जुना लॅपटॉप धूळ खात पडलाय, त्यांनी भंगारात देण्याआधी मला एक फोन करा.